आमच्या घरातली डॉक्टर आणि महामारीची ती वर्षे

कोरोनाचा काळ आता बराच मागे पडला आहे. मास्क कपाटाच्या तळाशी गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. मशिदीत खांद्याला खांदा लावून पुन्हा सफा उभ्या राहू लागल्या आणि लग्नांचे दस्तरखानही पूर्वीसारखे मांडले जाऊ लागले. ज्यांची माणसे गेली त्या घरांतले दुःख मात्र अजून ओले आहे. अल्लाह सर्व मरहूमांची मगफिरत करो. त्या काळातून बाहेर पडलेला आणखी एक वर्ग आहे, ज्याच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. तो म्हणजे उपचार करणारे लोक, आणि त्यातही कोरोनाचे नव्हे तर दुसऱ्याच आजाराचे डॉक्टर.

हे आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमची थोरली मुलगी मुंबईत कर्करोगाची डॉक्टर आहे. रुग्ण ज्याला ‘लाईट घेणे’ म्हणतात, ते किरणोपचार ती देते. आम्ही दोघे चिपळूणला राहतो. दोघेही शिक्षक होतो, आता निवृत्त आहोत. वैद्यकशास्त्रात आम्हाला गती नाही, पण त्या वर्षांत आमच्या मुलीचे काय झाले ते आम्ही जवळून पाहिले. तिला विचारूनच हे लिहितो आहोत. तिने दोन अटी घातल्या. तिचे आणि तिच्या रुग्णालयाचे नाव येऊ नये, आणि तिला फरिश्ता बनवू नये. दोन्ही आम्ही पाळणार आहोत.

सुरुवातीला आम्हालाही वाटत होते, आणि नातेवाईक तर बोलूनच दाखवत, की “तुमची मुलगी कोरोना वॉर्डात नाही ना, मग काळजी कशाची?” कर्करोगाच्या डॉक्टरची अडचण वेगळी होती आणि ती समजायला थोडा वेळ लागतो. केमो घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. अशा माणसाला महामारीत रुग्णालयात बोलावणे धोक्याचे. पण न बोलावणेही तितकेच धोक्याचे, कारण गाठ लॉकडाऊन पाळत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचा श्वास थेट सर्जनच्या चेहऱ्यावर येतो, आणि आपल्या देशात पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच. राहिले किरणोपचार. ते आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे रोज घ्यावे लागतात. ते फोनवरून देता येत नाहीत, की गोळी लिहून देऊन भागत नाही. रुग्णाला यावेच लागते, त्याच टेबलावर झोपावे लागते, आणि तंत्रज्ञाला त्याच्या अंगाला हात लावून त्याला नीट जागेवर आणावे लागते.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या तेव्हा आमचे जावई चार वर्षांच्या नातीला आमच्याकडे सोडून गेले. घरात आमच्या विहीणबाई होत्या, वय सत्तरीच्या पुढे आणि मधुमेह. मुलगी रोज रुग्णालयात जाणार. तेव्हा निदान लहान मूल तरी दूर असावे, पंधरा दिवसांची तर गोष्ट आहे, असे ठरले. २२ मार्चला मुंबईच्या लोकल थांबल्या, २५ मार्चपासून देश थांबला. एसटी बंद, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास. ते पंधरा दिवस पुढे साडेपाच महिने झाले. नात सप्टेंबरात मुंबईला परत गेली. तोवर तिची आई तिला फोनच्या काचेतूनच भेटत होती.

मुलगी घरातल्या एका खोलीत वेगळी राहू लागली. ताट वेगळे, बादली वेगळी. रुग्णालयाने कर्मचाऱ्यांसाठी बस ठेवली होती. ती पहाटे निघायची, रात्री परतायची. आम्हाला भीती संसर्गाची होती. तिला त्रास मात्र दुसऱ्याच गोष्टीचा होत होता, आणि ती गोष्ट म्हणजे यादी.

तिच्या विभागात चार डॉक्टर होते. अर्धे कर्मचारी एका आठवड्यात, अर्धे दुसऱ्या आठवड्यात, अशी पाळी लावलेली. म्हणजे एक गट आजारी पडला तरी दुसरा शिल्लक राहावा. त्यामुळे मशीनवर घेता येणाऱ्या रुग्णांची संख्या निम्म्यावर आली. रोज संध्याकाळी हे चौघे रुग्णांची यादी घेऊन बसत आणि कोण थांबू शकतो ते ठरवत. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रुग्ण हार्मोनच्या इंजेक्शनवर काही महिने थांबू शकतो. स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना आधी गोळ्या सुरू करून शस्त्रक्रिया पुढे नेता येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार एकदा सुरू झाले की मध्ये खंड पडू देता येत नाही. तोंडाचा कर्करोग तर थांबतच नाही. अशा तऱ्हेने नावापुढे खुणा व्हायच्या. मग ज्यांना थांबायचे आहे त्यांना फोन करायचा.

एका रात्री ती आम्हाला म्हणाली, “अब्बा, दहा वर्षे मी लोकांना सांगत आले की उशीर करू नका. आता मीच फोन करून सांगते, थांबा.”

पुढे आमच्या वाचनात आले की १९८४ साली अँड्र्यू जेमटन नावाच्या विचारवंताने परिचारिकांच्या कामाचा विचार करताना या त्रासाला नाव दिले होते. योग्य काय ते माणसाला माहीत असते, पण परिस्थिती ते करू देत नाही, तेव्हा जो होतो तो नैतिक क्लेश. शरीराच्या श्रमाने आलेला थकवा एका रात्रीच्या झोपेने उतरतो. हा क्लेश झोपेने उतरत नाही, उलट तो झोपच घेऊन जातो.

त्या दिवसांत काही चांगलेही घडले, तेही सांगायला हवे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. त्यामुळे मंडणगडच्या किंवा अक्कलकोटच्या रुग्णाला नुसता रिपोर्ट दाखवायला मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. एप्रिलमध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या ठरावीक रुग्णांना तीन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात, पाच बैठकांत दिलेले किरणोपचार तितकेच परिणामकारक ठरतात असे त्यात दिसले. अशा बदलांनी आमच्या मुलीला उभारी यायची. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तर दार बंद केलेच नाही. २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात तिथल्या सर्जननी कर्करोगाच्या ४९४ नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही. मुलीचे रुग्णालय वेगळे, पण ही बातमी तिने आम्हाला आनंदाने फोन करून सांगितली. काम करू शकल्याचा आनंद काय असतो, तो तिच्या आवाजात त्या दिवशी ऐकू आला.

मात्र देशाचे एकूण चित्र तसे नव्हते. २०१२ साली सुरू झालेले नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग रुग्णालयांचे देशव्यापी जाळे आहे. त्यातल्या ४१ केंद्रांनी २०२० च्या मार्च ते मे या तीन महिन्यांची आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी तुलना केली. २०१९ मध्ये त्या काळात १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ५१,७६०. निम्म्याहून अधिक रुग्ण आलेच नाहीत. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या, किरणोपचार घेणारे २३ टक्क्यांनी. एवढे साठ हजार लोक गेले कुठे? त्यांचा कर्करोग तर बरा झाला नव्हता. ते आपापल्या गावी, आपापल्या खाटेवर होते. दुखते आहे, पण सांगायचे कुणाला, जायचे कसे, आणि गेलो तर कोरोना होईल, अशा अवस्थेत होते.

आमच्याच मोहल्ल्यातल्या एक खाला त्यांपैकी. छातीत गाठ लागली ती २०२० च्या सुरुवातीला. घरात सांगितले नाही. मग लॉकडाऊन आले, मग रमजान, मग निसर्ग चक्रीवादळाने त्यांच्या माहेरचे छप्पर उडाले, मग बकरी ईद. डिसेंबरात त्या आमच्या घरी आल्या तेव्हा जखम उघडी पडली होती. मुलीने त्यांना मुंबईला बोलावून घेतले, उपचार केले. दीड वर्ष त्या बऱ्यापैकी जगल्या आणि मग गेल्या. मुलीने आम्हाला एवढेच सांगितले की फेब्रुवारीत आल्या असत्या तर गोष्ट वेगळी असती. अशा खाला तिच्या ओपीडीत त्या हिवाळ्यात रोज येत होत्या, कुणी सोलापूरहून, कुणी नांदेडहून, कुणी उत्तर प्रदेशातून. लहान गाठींचे रुग्ण कमी आणि पसरलेल्या आजाराचे जास्त. बऱ्या होण्याजोग्या माणसाला ‘आता आराम देऊ शकतो’ एवढेच सांगायचे, हे काम दिवसातून पाच-सहा वेळा करावे लागले तर बोलणाऱ्याचे काय होत असेल?

२०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. त्या महिन्यात तिला काही दिवस कोरोना झालेल्या कर्करुग्णांच्या वॉर्डात पाळी होती. किट एकदा चढवले की सहा तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही, चष्म्यावर वाफ, आत घामाची आंघोळ. त्या पाळीचे रोजे तिने मागे ठेवले आणि थंडीच्या दिवसांत पूर्ण केले. बाकीचे धरले. इफ्तारला ती खोलीत एकटी बसायची. फोन समोर ठेवायची, आम्ही इकडून खजूर उचलायचो आणि नात विचारायची, “अम्मी, तू कधी येणार?” २५ मेच्या ईदला आम्ही शीरखुर्मा केला, नातीला नवा फ्रॉक घातला आणि फोन लावला. मुलगी दोन मिनिटे बोलली आणि म्हणाली की झोप येते आहे. तेव्हा आमच्या ध्यानात आले की ती आता रडतही नाही.

याच सुमारास जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांची पाहणी सुरू झाली होती. युरोपियन सोसायटी फॉर मेडिकल ऑन्कॉलॉजी, म्हणजे एस्मो, या संस्थेने ती केली. एप्रिल-मे २०२० मध्ये १०१ देशांतल्या १,५२० जणांनी उत्तरे दिली. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा विचारणा झाली. दोन्ही वेळा उत्तरे देणारे २७२ जण होते. त्यांच्या उत्तरांत एक विचित्र गोष्ट दिसते. पहिल्या वेळी ३८ टक्के म्हणाले की आमचे काम कोरोनापूर्वीसारखे चालले आहे. दुसऱ्या वेळी ते प्रमाण ५४ टक्के झाले. म्हणजे घडी बसत चालली होती. पण त्याच लोकांत ‘आतून जळून गेल्यासारखे वाटते’ म्हणणारे ३५ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेले.

हे आकडे आम्ही मुलीला वाचून दाखवले तेव्हा तिला मुळीच नवल वाटले नाही. ती म्हणाली, “अम्मी, पळताना दम लागलाय हे कळत नाही. थांबल्यावर कळतं.” आम्हाला वाटते, या विषयाचे सारे सार या आकड्यांत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की काम पूर्ववत झाले म्हणजे माणूसही पूर्ववत झाला. रुग्णालय सुरू आहे, ओपीडी भरली आहे, डॉक्टर खुर्चीत आहे, मग सारे ठीक. पण त्या खुर्चीतला माणूस तेव्हाच सर्वांत जास्त खचलेला असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच या अवस्थेचे वर्णन केले आहे. ती तिला आजार म्हणत नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणते. तिची तीन लक्षणे आहेत. शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तिन्ही आम्ही आमच्या घरात पाहिली. पूर्वी एखादा तरुण रुग्ण गेला की ती दोन दिवस गप्प असायची, त्याच्या घरच्यांना फोन करायची. २०२१ च्या सुरुवातीला ती म्हणाली, “आज वॉर्डात एक मुलगा गेला. मला काहीच वाटलं नाही. याचीच मला भीती वाटली.”

जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली आणि आम्हाला हायसे वाटले. पण एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. १४ एप्रिलला रमजान सुरू झाला तोवर मुंबईत खाटा मिळेनात. त्या लाटेत तिच्या वर्गातले दोघे डॉक्टर गेले. पहिल्या दोन लाटांत देशभरातले हजाराहून अधिक डॉक्टर दगावल्याचे इंडियन मेडिकल असोसिएशनने सांगितले.

आणि याच वर्षी मनुष्यबळाची साखळी तुटली. याकडे वर्तमानपत्रांचे लक्ष उशिरा गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोठ्या रुग्णालयांचा गाडा निवासी डॉक्टर ओढतात. तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या तीन तुकड्या एका वेळी काम करतात. दरवर्षी तिसरी बाहेर पडते आणि नवी पहिली येते. २०२१ ची नीट-पीजी परीक्षा आधी १८ एप्रिलला होती. ती पुढे ढकलली गेली आणि ११ सप्टेंबरला झाली. मग आरक्षणाच्या प्रश्नावर प्रकरण न्यायालयात गेले आणि प्रवेशफेरी सुरू व्हायला १२ जानेवारी २०२२ उजाडले. म्हणजे जी तुकडी मे-जूनमध्ये यायची ती वर्षाच्या अखेरपर्यंतही आली नाही. तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्या करत राहिल्या, तेही महामारीत. डिसेंबरात निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले ते याच कारणाने. किरणोपचार, केमो, कर्करोग शस्त्रक्रिया, सगळीकडे हीच स्थिती. उरलेला भार वरिष्ठांवर आला. आमची मुलगी बारा वर्षांपूर्वी जी रात्रपाळी सोडून आली होती ती पुन्हा करू लागली.

तिच्या विभागातल्या चौघांपैकी दोघे त्या काळात गेले. एक परदेशी गेला. दुसरीने विमा कंपनीत वैद्यकीय सल्लागाराची नोकरी धरली. शनिवार-रविवार सुट्टी, रात्री फोन नाही. त्यांना कुणी पळपुटे म्हटले तर आमची मुलगी चिडते. ती म्हणते की त्यांनी जेवढे दिले तेवढे पुष्कळ होते. एस्मोच्या २०२१ च्या पाहणीतही साधारण चारांपैकी एक जण पुढची वाट बदलण्याचा विचार करत होता. आपल्याकडे २०२० या एका वर्षात कर्करोगाचे अंदाजे १३ लाख नवे रुग्ण होते. एवढ्या रुग्णांच्या देशात एक कर्करोगतज्ज्ञ बाजूला झाला तर त्याची जागा उद्या भरत नाही. शालान्त परीक्षेनंतर तिथपर्यंत पोचायला तेरा-चौदा वर्षे लागतात.

त्या दिवसांत रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने काय केले? एका रविवारी सकाळी ऑनलाईन व्याख्यान ठेवले, ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’. हजेरी सक्तीची. महिन्यातला तो तिचा एकुलता मोकळा रविवार होता. रिकाम्या दोन जागांची जाहिरात मात्र आठ महिने निघाली नाही.

२०२२ ची ईद ३ मेला होती. दोन वर्षांनी सारे कुटुंब चिपळूणला एकत्र आले. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आम्हा दोघांना बसवले आणि सांगितले की राजीनामा लिहून ठेवला आहे. हे क्षेत्रच सोडायचे, काहीतरी साधे काम करायचे.

आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले. कुणी शिक्षण अर्धवट सोडतो म्हणाले की समजावायचे, ही आमची सवय. त्या दुपारी आम्ही समजावले नाही. तिच्या शिक्षणासाठी काय काय केले याचा हिशेब मांडला नाही, की ‘ही तर खिदमत आहे, सवाब आहे’ असे म्हणून तिच्या खांद्यावर आणखी एक ओझे ठेवले नाही. आम्ही तिला विचारले, काम नकोसे झाले आहे की काम करण्याची ही रीत नकोशी झाली आहे? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “रुग्ण नकोसे नाहीत झाले.” जावई म्हणाले, “मग महिनाभर रजा घे. राजीनामा कुठे पळून जात नाही.”

तिने रजा घेतली. पहिले दहा दिवस ती झोपली. नंतर जावयांच्या आग्रहाने एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागली. डॉक्टर असूनही तिला तिथे जायला संकोच वाटत होता, कारण डॉक्टरने मदत मागणे म्हणजे कमीपणा अशी त्यांच्यातही समजूत आहे. त्या बाईंनी तिला एक गोष्ट करायला लावली. २०२० मध्ये ज्यांना ‘थांबा’ म्हणून फोन केले होते, त्यातले जे तिच्या मनात रुतून बसले होते, त्यांच्याविषयी सहकाऱ्यांशी बोलायचे. बोलल्यावर कळले की चौघांच्याही मनात वेगवेगळी नावे होती आणि प्रत्येकाला वाटत होते की तो निर्णय आपल्या एकट्याचा.

मग तिने ते रुग्णालय सोडले, काम सोडले नाही. आता ती दुसऱ्या एका, थोड्या लहान रुग्णालयात आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस खरोखर सुट्टी असते. अवघड रुग्णांचा निर्णय सर्जन, केमोचे डॉक्टर आणि किरणोपचाराचे डॉक्टर एकत्र बसून घेतात, त्यामुळे निर्णयाचे ओझे एका खांद्यावर येत नाही. पगार कमी झाला. घरखर्चाला कात्री लागली. पण मागच्या वर्षी तिचा एक जुना रुग्ण गेला तेव्हा ती रडली, आणि आम्हा दोघांना मनातून बरे वाटले. आमची मुलगी परत आली होती.

आपल्या घरांतून आता कितीतरी मुली-मुलगे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ होत आहेत. अल्लाहचे शुक्र आहे. म्हणून वाचकांशी थोडे मोकळेपणाने बोलावेसे वाटते. घरात असा माणूस असेल तर त्याला मोहल्ल्याचा मोफत दवाखाना बनवू नये. सुट्टीच्या दिवशी कुणाचे रिपोर्ट त्याच्या पुढ्यात टाकू नयेत. ईदला तो दुपारभर झोपला तर झोपू द्यावे. तो गप्प राहू लागला, चिडू लागला, किंवा त्याला कशाचेच काही वाटेनासे झाले, तर ‘सब्र कर’ एवढे सांगून थांबू नये. सब्र ही मोठी गोष्ट आहे, पण दवा घेणे सब्राच्या आड येत नाही. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक सर्वांसाठी आहे, डॉक्टरांसाठीसुद्धा.

आपण रुग्णाच्या बाजूला असू तेव्हा फाईल तारखेप्रमाणे लावून न्यावी. डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवावा. पाच नातेवाईकांनी तेच पाच वेळा विचारले तर मागच्या चार रुग्णांचा वेळ जातो. आणि आपल्या लोकप्रतिनिधींना रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारावे, की जिल्ह्याच्या ठिकाणी कर्करोगाचे उपचार कधी मिळणार, आणि मंजूर जागा रिकाम्या का.

आम्ही मुलीला विचारले, हे सगळे खरे, पण तुला स्वतःला सगळ्यात जास्त हलके कशाने वाटेल? तिने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, “लोक वेळेवर आले तर.” तेव्हा तिच्या वतीने एवढी विनंती. तोंडातला फोड किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, छातीत गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर लाजेने, भीतीने किंवा खर्चाच्या विचाराने घरात बसू नका. मिश्री, तंबाखू, गुटखा आजच बंद करा. लवकर आलेला रुग्ण बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि बरा होऊन घरी गेलेला प्रत्येक रुग्ण त्याच्या डॉक्टरला पुढे काम करत राहण्याचे बळ देऊन जातो. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्यांना हिंमत देवो. आमीन.